मुळापासूनचे माप

माझ्या हातून घडलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारचा बारावा पडदा जवळजवळ अडीच मिलिमीटरने चुकला होता, आणि ती चूक एका जागी व एका क्षणी झालेली नसून बारा ठिकाणी थोडी थोडी साचत आली होती, हे ध्यानात यायला मला तीन रविवार लागले. नोकरीच्या अखेरच्या काही वर्षांत दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गालगत जे सरकारी घर माझ्या वाट्याला आले, त्याची मागची गॅलरी हाच माझा कारखाना होता: नऊ फूट लांब, साडेचार फूट रुंद, एका कोपऱ्यात पाण्याचे पिंप, दुसऱ्या कोपऱ्यात मोडीत निघालेल्या टेबलाचा केलेला बाक, आणि त्या बाकावर एक शिकंजा, एक रंधा, दोन पटाशा, बारीक दात्यांची एक करवत, एक गुण्या व एक पोलादी पट्टी. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस सुटीच्या दिवशी भाच्यासाठी गिटार घडवावयास का बसला, याचे उत्तर त्या वेळी मला देता आले नसते. ते पुढे त्या चुकलेल्या पडद्याने दिले, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

गिटारच्या मानेवर पडदे बसविण्याचे गणित ऐकावयास सोपे आहे. तारेची मोकळी लांबी, म्हणजे वरच्या नटापासून खालच्या घोडीपर्यंतचे अंतर, ६४८ मिलिमीटर धरले, तर त्या लांबीला १७.८१७ ने भागून येणाऱ्या ३६.३७ मिलिमीटरवर पहिला पडदा येतो; उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की दुसरा; आणि असे करीत गेले म्हणजे बाराव्या पडद्याशी तार बरोबर निम्मी होते व मोकळ्या तारेचा सा तेथे वरच्या सप्तकाचा सा होऊन बोलतो. या सूत्राची घडणच अशी आहे की, प्रत्येक पडदा मागच्या पडद्यावरून मोजण्याचा मोह नवख्याला व्हावा, आणि तो मला झाला. प्रत्येक खेपेस पट्टीचे शून्य मी मागच्या खाचेवर ठेवले, प्रत्येक खेपेस सुरीचे टोक केसभर अलीकडे पडले, आणि मिलिमीटरचा पाचवा हिस्सा तो काय, अशी समजूत ज्याच्यामुळे त्या त्या वेळी घालता आली, तोच हिस्सा बारा वेळा जमा होऊन सप्तकाच्या ठिकाणी २.४ मिलिमीटरची तूट उभी राहिली. कानाला ती सुमारे १३ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या आठव्या हिश्श्याएवढी, उतरलेली ऐकू आली. आणि ज्याच्या कानाला तंबोऱ्याची सवय आहे, त्याला एवढी उतरण दाराबाहेर उभे राहूनही कळते. जाणत्या कारागिराचा नियम याच्या नेमका उलट आहे. सारे पडदे नटापासूनच मोजावेत, पट्टी एकदा ठेवली की हलवू नये. मग एखादी रेघ चुकलीच तर ती एकटी चुकेल, तिचा वारसा पुढच्या रेघेकडे जाणार नाही.

हा नियम कळला तेव्हा सुतारकामापेक्षा मला माझे दप्तरच अधिक आठवले. एखादा अर्ज दाखल होतो. कारकून मागील दाखला शोधतो. त्या दाखल्याने त्याच्याही मागच्या दाखल्याचा आधार घेतलेला असतो. मूळ ठराव कपाटात असतो खरा, पण कपाटाची किल्ली ज्याच्याकडे त्याची बदली झालेली असते. प्रत्येक अंमलदार आपल्या पूर्वसूरीच्या शेऱ्यावर पट्टीचे शून्य ठेवतो, सद्हेतूनेच ठेवतो, आणि केसभर सरकतो. अखेरीस जो हुकूम निघतो, तो मूळ हेतूपासून चांगला अडीच मिलिमीटर दूर गेलेला असतो, पण त्याबद्दल जाब कोणाला विचारावा हे कोणालाच सांगता येत नाही, कारण मिसलीवरच्या बारा सह्यांपैकी प्रत्येकीच्या वाट्याला मिलिमीटरचा फक्त पाचवा हिस्सा येतो. दप्तरात ही तूट ऐकू येत नाही. कागदाला तार नसते, आणि ज्या खेड्यात तो हुकूम बेसूर वाजतो ते खेडे सचिवालयापासून फार दूर असते. गॅलरीतल्या बाकावर मात्र बाराही सह्या माझ्याच होत्या. चूक आणि चूक करणारा यांच्यामध्ये तेथे कोणताही टपाली मार्ग नव्हता. तार छेडली की दोघेही एकदमच हजर होत. स्वहस्ते वाद्य घडविण्याचे खरे मोल मला या हजेरीत दिसते.

असे म्हणताना दोन नेहमीचे दावे मी प्रथमच सोडून देतो. पहिला काटकसरीचा. लाकूड, हत्यारे, तारा, खुंट्या आणि वाया गेलेली पहिली मान यांचा जमाखर्च मांडला, तर तेवढ्या पैशांत कारखान्यातील बऱ्यापैकी गिटार घेऊन वर तिची पेटीही घेता आली असती. दुसरा दावा स्वावलंबनाचा. खुंट्या आणि पडद्यांची तार मी तयार घेतली. लोहचुंबकाच्या कांड्या, इनॅमलचा थर दिलेली तांब्याची तार, आवाज कमीजास्त करण्याच्या कळा हे सारे लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटातून आणि भागीरथ पॅलेसच्या गल्ल्यांतून आणले. हे सामान कोणी, कोठे, किती मजुरीवर बनविले हे ठाऊक नसताना ‘सर्व काही स्वतः केले’ असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रमांवर आपला शिक्का उमटविणे होय. माझे होते ते एवढेच: लाकडाची निवड, मापे, जोडणी आणि त्या सर्वांचे उत्तरदायित्व.

येथे कोणी विचारील की, उत्तरदायित्वाचा हा धडा तंबोऱ्यापासून घेतला असता तर शोभले असते. विजेच्या गिटारमध्ये कारागिरीचा संबंध कितीसा? शंका रास्त आहे, कारण या वाद्याचा जन्मच कारागिराला फाटा देऊन झाला. १९३०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी जे पहिले यशस्वी विद्युत गिटार बाजारात आणले, ते तव्याच्या आकाराचे आणि ॲल्युमिनियमचे होते. पुढे दशकभराने लेस पॉल या वादकाने न्यूयॉर्कमधील एका गिटारच्या कारखान्यात, सुटीच्या दिवशी, चार इंच जाडीरुंदीच्या ओंडक्यावर तारा ताणल्या. वाद्य बोलत होते उत्तम, पण श्रोत्यांना तो ओंडका पाहवेना, म्हणून त्याने एका जुन्या गिटारचे दोन अर्धे त्याला दोन बाजूंनी पंखांसारखे जोडले, आणि मग श्रोते संतुष्ट झाले. या परंपरेला व्यवस्था लावली ती लिओ फेंडर याने, आणि तो सुतार नव्हता व गिटारही वाजवीत नव्हता. तो हिशेबनिसाचे काम केलेला, रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणारा गृहस्थ होता. १९५०-५१ मध्ये बाजारात आलेल्या त्याच्या गिटारचे धड म्हणजे एक सपाट फळी, आणि मान धडाला चार स्क्रूंनी आवळलेली. सरस नाही, खाचेत खाच बसविण्याचे कसब नाही. मान बिघडली तर स्क्रू काढावेत आणि दुसरी लावावी. जे वाद्य कारखान्यातील कोणत्याही कामगाराला जोडता यावे म्हणून इतके सोपे केले गेले, ते त्याच सोपेपणामुळे घरातल्या गॅलरीतही येऊन बसले. सतार करावयाची तर घराण्यात जन्म घ्यावा लागतो किंवा गुरूच्या कारखान्यात वर्षानुवर्षे भुसा झाडावा लागतो; विद्युत गिटार हे असे वाद्य आहे की, ज्याला परंपरेचे पाठबळ नाही अशा माणसालाही ते आपल्या चुका स्वतः करण्याची मुभा देते.

या मुभेचा सर्वांत मोठा लाभ ज्याने उठविला तो इंग्लंडमधील ब्रायन मे. १९६३ साली तो सोळा वर्षांचा होता, फेंडरचे गिटार घेण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती, आणि त्याचे वडील हॅरल्ड हे विमानविषयक सरकारी खात्यात नोकरीला होते. बापलेकांनी दोन वर्षे खपून घरीच गिटार केले: मान शतकभर जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीची, मानेवरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या, स्वर हलविणाऱ्या दांडीखाली मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि दांडीच्या टोकाला विणकामाची सुई. मराठी वाचकाला यातला एक दुवा जवळचा वाटावा: पुढे ज्या ‘क्वीन’ वृंदात हे गिटार जगभर वाजले, त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बलसारा, त्या सुमारापर्यंत आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकत होता. आपल्याकडेही मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांनी आठ तारांचे विद्युत गिटार स्वतः योजून वाजविले. गरज आणि अडवणूक यांनीच अशा वाद्यांना जन्म दिला हे खरे. परंतु गरज संपल्यावर, हवे ते वाद्य विकत घेण्याजोगी स्थिती आल्यावरही, मे ते घरचेच गिटार आयुष्यभर वाजवीत राहिला, ही गोष्ट गरजेने उलगडत नाही. ज्या वाद्याची प्रत्येक खोड कोठून आली हे आपल्याला ठाऊक असते, त्याच्याशी होणारे बोलणे निराळेच असते.

माझे लाकूड जुन्या दाराच्या चौकटीचे सागवान होते. कित्येक उन्हाळे-पावसाळे सोसलेले लाकूड आता हलावयाचे नाही, असा माझा भरवसा होता. पण दिल्लीच्या हवेने तोही तपासून पाहिला. सहा तारांचा एकत्र ताण सुमारे ४५ किलोंचा असतो. मे महिन्याची लू लाकडातला ओलावा शोषून घेते, श्रावणात तो परत येतो, आणि या ओढाताणीत मान धनुष्यासारखी वाकू नये म्हणून तिच्या पोटात पोलादी सळई घालून ती किल्लीने आवळावी लागते. ऋतुपरत्वे वाद्याची मान पिळण्याचा हा परिपाठ म्हणजे घडविणाऱ्याचे काम ‘पूर्ण’ या शेऱ्याने बंद होत नाही, याची वार्षिक आठवणच.

त्यानंतरचे काम पिकअपचे. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्वच येथे राबते: चुंबकाजवळ पोलादी तार कंप पावली की भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते. हे वेटोळे सुमारे आठ हजार फेऱ्यांचे असते आणि तार केसाहूनही बारीक, मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्याएवढी. शिवणयंत्राची जुनी मोटर लावून, बोटांच्या चिमटीतून तार सोडीत, फेऱ्या मोजीत मी ते गुंडाळले. दोनदा तार तुटली आणि दोन्ही वेळा पहिल्या फेरीपासून आरंभ केला. जोडणी होऊन आवाज सोडला, तेव्हा सर्वांत आधी ऐकू आली ती भिंतीतल्या विजेची गुणगुण. आपली वीज सेकंदाला ५० आंदोलनांची. उघड्या वेटोळ्याला ती तारेइतकीच प्रिय असते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर याने १९५५ साली तिच्यावर तोड काढली, ती अशी की, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली व उलट चुंबकध्रुवांची दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवावी, म्हणजे तारांचा आवाज बेरजेत राहतो आणि गुणगुण वजाबाकीत जाते. मी दुसरे वेटोळे गुंडाळावयास बसलो आणि चिमटीतून सुतासारखी सुटणारी ती तार पाहताना, इतकी वर्षे ज्या रस्त्याच्या नावाने माझी टपाल येत होती, त्या नावाकडे माझे प्रथमच लक्ष गेले.

कस्तुरबा गांधी मार्ग हा पूर्वीचा कर्झन रोड. मराठी माणसाच्या दृष्टीने त्यावर आज नवे महाराष्ट्र सदन उभे आहे, एवढी ओळख पुरेशी असते. पण हस्तव्यवसायाचा विचार करणाऱ्याला त्याची दोन्ही नावे बोलकी आहेत. लॉर्ड कर्झनने दरबाराच्या निमित्ताने १९०२च्या डिसेंबरअखेर दिल्लीच्या कुदसिया बागेत हिंदी कलाकुसरीचे भव्य प्रदर्शन उघडले आणि त्याला एक कडक अट घातली: युरोपीय किंवा युरोपीय नकलेची वस्तू आत येता कामा नये. कारागिरीविषयीची त्याची आस्था खोटी नव्हती. परंतु ती संग्राहकाची आस्था होती. कारागिराने आपल्या पूर्वजांचे काम करीत राहावे, त्याने नवे काही शिकू नये, आणि त्याच्या हाताची शुद्धता कोणती हे साहेबाने ठरवावे. माझे गिटार त्या प्रदर्शनाच्या फाटकावरच अडविले गेले असते. दुसरे नाव ज्यांचे, त्या कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी वारल्या. ज्या चळवळीत त्यांचे आयुष्य गेले, तिने सूत काढण्याला शुद्धतेपेक्षा वेगळी कसोटी लावली. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, आणि त्या यंत्राची किंमत १५० रुपयांच्या आत असावी अशी अट घातली. म्हणजे यंत्र चालेल, नवे चालेल, आकारही हवा तो चालेल. मात्र ते सामान्य माणसाच्या घरात मावले पाहिजे आणि त्याच्या हाताच्या हुकमतीत राहिले पाहिजे. मोटरवर वेटोळे गुंडाळणारा मी चरख्याचा वारसा सांगण्याचे धाडस करणार नाही. पण हस्तकला कशाला म्हणावे, या प्रश्नावर मी कर्झनच्या फाटकाशी उभा न राहता त्या बक्षिसाच्या अटीशी उभा राहीन.

तरीही मुळापासून मोजण्याच्या नियमात एक अहंकार दडलेला आहे, आणि तो मला माझ्याच मुलखाने दाखविला. मी मूळचा सांगलीकडचा. शेजारच्या मिरजेत, तलवारींची मागणी ओसरल्यावर, गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात शिकलगार घराण्यांनी हत्यारे ठेवून सतारी व तंबोरे हाती घेतले. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून चालत आलेल्या त्या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, घोडीवर घासून घासून काढलेली जवारी, यांत कारागिराचा अधिकार निरपवाद असतो. पण सतारीचे पडदे तो दोऱ्याने बांधतो. ते सरकतात. रागागणिक, वादकागणिक गंधार कोठे बोलावा हे ठरविण्याचा हक्क कारागीर आपल्याकडे ठेवीत नाही. तो वाद्यासोबत वादकाच्या स्वाधीन करतो. गिटारचा पडदा खाचेत एकदा ठोकला की तो कायमचा, आणि त्याचा गंधार शुद्ध नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढाच असतो, मग रेघ कितीही काटेकोर मारा.

त्याच सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी याच गंधाराचा पाठपुरावा केला. ताणलेली एक तार, तिच्याखाली सरकणारी घोडी आणि मोजपट्टी, एवढ्या साधनावर त्यांनी श्रुतींची मापे घेतली, त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य मिळविले, १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ई. क्लेमंट्स या सनदी सेवेतील न्यायाधीशांच्या सहकार्याने श्रुतींची पेटी बनविण्याचा उद्योग मांडला. महसुलाचा हिशेब ठेवलेला हात निवृत्तीनंतर तारेवर पट्टी लावून बसतो, हे चित्र मला फार ओळखीचे वाटते, आणि त्याचे अपयशही. गवयांनी ती पेटी स्वीकारली नाही, कारण बावीस जागी ठोकलेला स्वर हाही ठोकलेलाच स्वर असतो. पुढे १९४० साली, माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर ज्याचे मुख्य ठाणे झाले, त्या आकाशवाणीने उलट टोकाचा हुकूम काढला: पेटीचे स्वर आमच्या संगीताला अनुरूप नाहीत, सबब पेटी बंद. ती बंदी १९७१ पर्यंत उठली नाही. तोवर महाराष्ट्रातल्या मैफिली पेटीच्या साथीने रंगतच होत्या. देवलांनी कानासाठी माप शोधले, आकाशवाणीने मापासाठी कान बंद केला. पहिली चूक मला आदरणीय वाटते, दुसरी दप्तरी.

गिटारच्या पोटातही या तडजोडीची जागा ठेवलेली आहे. बोटाने तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते व स्वर चढतो. म्हणून घोडीवर प्रत्येक तारेचा टेकू सूत्राने सांगितलेल्या जागेपासून थोडा मागे न्यावा लागतो, जाड तारेचा अधिक, बारीक तारेचा कमी, आणि तो किती न्यावा हे अखेर कानच सांगतो. त्यासाठी टेकूंना स्क्रू असतात. दुसरी मान मी नटापासून मोजून केली, बारावा पडदा ३२४ मिलिमीटरवर आला, आणि सहा टेकू मी चार संध्याकाळी खपून असे बसविले की, यंत्राचा काटा सहाही तारांवर मधोमध उभा राहावा. गिटार भाच्याच्या हाती दिले. त्याने दहा मिनिटे वाजविले, मान वाकडी करून ऐकले, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या देखत सहांपैकी चार टेकू फिरविले. “मामा, मी जरा जोरात दाबतो,” तो म्हणाला. क्षणभर माझ्यातला अंमलदार दुखावला. मंजूर झालेल्या मसुद्यात कनिष्ठाने खाडाखोड करावी तसे मला वाटले. मग मिरजेचा दोरा आठवला. पडद्यांच्या रेघा त्याने तपासल्याही नाहीत, कारण त्या बरोबर होत्या. टेकू मात्र त्याचे होते, आणि ते मी त्याच्यासाठी मोकळे ठेवले होते.

पहिली मान अजून गॅलरीत टांगलेली आहे. तिच्यावर वीस रेघा आहेत, आणि एकही रेघ तिच्या शेजारणीपासून मोजली तर फारशी चुकलेली नाही.